इंट्राडे शॉर्ट: विक्रीचं बटण दाबण्याआधी आणि नंतर

"दादा, मी तर साडेबारालाच बाहेर पडलो होतो. मग तीन वाजता परत खरेदी कुणी केली?" सोबत पोझिशनचा, म्हणजे उघड्या सौद्याचा, स्क्रीनशॉट. या अर्थाचा निरोप मला दर दोन-तीन महिन्यांनी येतो आणि उत्तर दरवेळी तेच असतं: खरेदी तुम्हीच केलीत, सकाळी. कशी, ते सातव्या टप्प्यात येईल.

हातात नसलेला शेअर आधी विकायचा आणि नंतर खाली घ्यायचा, म्हणजे शॉर्ट करायचं; हे एकाच दिवसात उरकलं की इंट्राडे शॉर्ट. ॲपवर हे दोन बटणांचं काम दिसतं. विक्रीत सहसा कुणी चुकत नाही. घोळ होतो तो परतीच्या खरेदीत: ती कधी, किती, कुठल्या एक्सचेंजवर आणि कुठल्या प्रकारात करायची यात. म्हणून खालच्या नऊ टप्प्यांत प्रत्यक्ष विक्री पाचव्या क्रमांकावर आहे. शेअर पडणार की नाही हे कसं ओळखायचं, यावर इथे एक अक्षरही नाही. तो वेगळा विषय, आणि त्यात माझं मत विचारण्यात अर्थ नाही.

## टप्पा १: कुठल्या दाराने जाताय?

आपल्याकडे सामान्य ग्राहकाला रोख बाजारातला (जिथे थेट शेअरचीच खरेदी-विक्री होते) शॉर्ट त्याच दिवशी मिटवावा लागतो. "आज विकतो, पुढच्या आठवड्यात घेतो" हे साध्या विक्रीतून जमत नाही. एकाहून जास्त दिवस शॉर्ट राहायचं असेल तर तीन वाटा आहेत.

शेअरचा फ्युचर, म्हणजे पुढच्या तारखेचा वायदा, विकणं ही पहिली. एक लॉट (शेअरचा ठरलेला संच) पाच लाखांच्या पुढचा असतो, रोजच्या रोज नफातोटा खात्यात जमा-नावे होतो, आणि ऑक्टोबर २०१९ पासून शेअरच्या सगळ्या वायद्यांना मुदतीअखेर प्रत्यक्ष शेअर द्यावे लागतात. मुदत संपेपर्यंत फ्युचर शॉर्ट ठेवलात आणि डिमॅटमध्ये शेअर नाहीत, तर वेगळीच डोकेदुखी. पुट, म्हणजे ठरलेल्या भावाला विकण्याचा हक्क, विकत घेणं ही दुसरी वाट. त्यात तोटा प्रीमियमपुरता, म्हणजे हक्कासाठी मोजलेल्या रकमेपुरता मर्यादित, पण काळ तुमच्या विरुद्ध चालतो. तिसरी एसएलबी, म्हणजे शेअर भाड्याने उसने घेऊन विकणं. ही सोय २००८ पासून आहे, पण सगळे ब्रोकर ती देत नाहीत आणि मोजके शेअर सोडले तर तिथे उलाढाल फारशी नसते.

हा लेख फक्त रोख बाजारातल्या इंट्राडे शॉर्टचा. त्यासाठी वायदे बाजाराचं खातं सुरू करावं लागत नाही. साधं ट्रेडिंग-डिमॅट खातं पुरतं.

## टप्पा २: खात्याची तयारी

आदल्या संध्याकाळी तीन गोष्टी बघून ठेवा.

पैसे: सकाळी यूपीआय अडकलं की घाई होते आणि घाईत ऑर्डर चुकते. पैसे आधीच टाका.

ऑटो स्क्वेअर ऑफची वेळ: तुमचा ब्रोकर इंट्राडे पोझिशन स्वतःहून किती वाजता बंद करतो, ते त्याच्या मदत पानावर असतं. बहुतेकांकडे ही वेळ सव्वातीनच्या आसपास असते. तिच्या आधी किमान पंधरा मिनिटं ही तुमची शेवटची वेळ समजा. ब्रोकरने बंद केलं की बरेच जण दर ऑर्डरमागे ५० रुपये आणि वर जीएसटी लावतात.

तुमच्याकडे तोच शेअर आधीपासून आहे का: असेल तर सावध. डिमॅटमध्ये १०० शेअर असताना ते "विकून टाकू" म्हणून कुणी इंट्राडेत विक्री टाकतो, आणि सव्वातीनला ब्रोकर ते परत विकत घेतो. तुमचे शेअर जागेवरच, वर खर्च आणि कधी तोटाही. असलेले शेअर विकायचे तर प्रकार सीएनसी, म्हणजे डिलिव्हरी. नसलेले विकायचे तर एमआयएस, म्हणजे इंट्राडे. काही ॲपमध्ये याच दोघांना फक्त "डिलिव्हरी" आणि "इंट्राडे" म्हणतात.

## टप्पा ३: शेअर गाळून घ्या

शॉर्टमधला खरा धोका भाव वर जाण्याचा नाही. भाव वर गेला तर तोटा घेऊन सुटता येतं. धोका हा की भाव वर जाऊन कुलूपबंद होतो आणि विकणारा एकही उरत नाही.

वायदे बाजारात नसलेल्या शेअरना दिवसाची २, ५, १० किंवा २० टक्क्यांची मर्यादा असते. अप्पर सर्किट लागलं, म्हणजे भाव वरच्या मर्यादेला टेकला, की घेणाऱ्यांची रांग लाखांत आणि विकणारे शून्य. तुम्हाला घ्यायचंच आहे आणि देणारा कुणी नाही.

माझ्या बाबतीत हे एकदा झालं आहे. एका छोट्या कंपनीचे २०० शेअर मी १८२ ला शॉर्ट केले होते. मर्यादा १० टक्क्यांची, आदला बंद भाव १७८. पावणेदोनला कंपनीने मोठी ऑर्डर मिळाल्याचं एक्सचेंजला कळवलं आणि पाच मिनिटांत भाव १९५.८० वर जाऊन बसला. स्टॉपलॉस, म्हणजे तोटा घेऊन बाहेर पडायचा भाव, मी "मनात" ठेवला होता. जेवून हात धुऊन आलो तेव्हा स्क्रीनवर विक्रीची बाजू रिकामी. शेअर लिलावात गेले (तो काय असतो ते आठव्या टप्प्यात), २११ ने मिटले, आणि जो तोटा मी हजारात धरला होता तो ५,८०० वर गेला. दंड वेगळा.

तेव्हापासूनची माझी गाळणी:

- शेअर वायदे बाजाराच्या यादीत हवा. या शेअरना ठरलेलं सर्किट नसतं. १० टक्क्यांची पट्टी असते, पण भाव तिथे टेकला की ती नियमाने पुढे सरकते, व्यवहार चालू राहतात. नवख्याने या यादीबाहेर शॉर्ट करूच नये, हे माझं ठाम मत.
- ट्रेड-टू-ट्रेड शेअर नको. एनएसईवर त्याच्या नावापुढे बीई दिसतं, बीएसईवर तो टी गटात असतो. त्यात प्रत्येक विक्रीची डिलिव्हरी द्यावीच लागते.
- एएसएम किंवा जीएसएम या देखरेख याद्यांत असेल तर सोडून द्या.
- आज निकाल, संचालक मंडळाची बैठक किंवा न्यायालयाचा निर्णय अपेक्षित असेल तर आज शॉर्ट नाही.

> तपासा: ॲपमध्ये शेअर उघडून एमआयएस पर्याय दिसतो का? ब्रोकरने तो बंद केला असेल तर त्यामागे कारण असतं. दुसऱ्या ब्रोकरकडे चालतो म्हणून तिकडे पळू नका.

## टप्पा ४: आकडे कागदावर

कागदावर म्हणजे खरोखर कागदावर. मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर केलेला हिशेब पाच मिनिटांनी आठवत नाही.

खात्यात ५०,००० रुपये आहेत आणि एका सौद्यात जास्तीत जास्त १ टक्का, म्हणजे ५०० रुपये गमवायची तयारी आहे, असं धरू. शेअर ६४० वर. तुमचा अंदाज चुकला असं तुम्ही ६४६ ला मानणार. फरक ६ रुपये. त्यात खर्च आणि भाव थोडा सरकून मिळणं यासाठी शेअरमागे १ रुपया मिळवा. ५०० भागिले ७, म्हणजे ७१ शेअर.

७१ शेअरची किंमत ४५,४४०. रोख बाजारात इंट्राडेला किमान २० टक्के मार्जिन, म्हणजे सौद्यासाठी अडकवून ठेवायची रक्कम, आगाऊ लागतं. १ सप्टेंबर २०२१ पासून पाचपटीहून जास्त उधारी कुणी देऊ शकत नाही. म्हणजे तुमचे अडकणार सुमारे ९,०८८ रुपये.

आता मोह बघा. ॲप सांगतं की या पैशांत ३९० शेअर विकता येतील. विकले आणि तेच ६४६ लागलं, तर खर्चाचा रुपया धरून तोटा २,७३० रुपये. भाव तोच, शेअर तोच, स्टॉपलॉसही तोच. बदलला फक्त तुम्ही भरलेला आकडा. बाजार नियामक सेबीने जुलै २०२४ मध्ये मांडलेल्या अभ्यासानुसार २०२२-२३ या वर्षात रोख बाजारात इंट्राडे करणाऱ्या दर १० व्यक्तींपैकी ७ जण तोट्यात होते. किती शेअर विकायचे हे ॲपला विचारून ठरवणारे त्यात किती, हे मोजलं असतं तर बरं झालं असतं.

> सूचना: मार्जिन किती मिळतं यावरून शेअरची संख्या ठरवायची नाही. स्टॉपलॉस किती लांब आहे यावरून ठरवायची.

## टप्पा ५: विक्रीची ऑर्डर

आता ऑर्डरची खिडकी उघडा आणि वरून खाली या क्रमाने भरा.

१. एक्सचेंज: एनएसई की बीएसई? जे निवडाल ते कागदावर लिहा. बाहेर पडतानाही तेच लागणार.
२. बाजू: विक्री. बहुतेक ॲपमध्ये खिडकी लाल होते.
३. प्रकार: एमआयएस. काही ॲप मागच्या वेळचा प्रकार लक्षात ठेवतात, त्यामुळे प्रत्येक वेळी डोळ्यांनी बघा. शेअर नसताना सीएनसीत विक्री टाकली तर ती सहसा नाकारली जाते.
४. संख्या: ७१.
५. भाव: लिमिट (तुम्ही ठरवलेला भाव, त्याहून वाईट भावाने सौदा होत नाही), ६४०. बाजारभावाने विकायची सवय लावू नका. पहिल्या पंधरा मिनिटांत तर नाहीच, कारण तेव्हा भाव रुपया-दोन रुपये इकडेतिकडे उडतात आणि तुमचा सगळा हिशेब ६ रुपयांवर बेतलेला आहे.

बटण दाबल्यावर ऑर्डर बुक उघडा. ऑर्डर पूर्ण झाली की अर्धवट? ७१ पैकी ४० च विकले गेले असतील तर उरलेली ३१ ची ऑर्डर आत्ताच ठेवायची की रद्द करायची ते ठरवा. पोझिशनमध्ये उणे चिन्ह दिसायला हवं: -७१ किंवा -४०. पुढच्या प्रत्येक ऑर्डरची संख्या या आकड्याशी जुळवायची, मनातल्या आकड्याशी नाही. ४० विकलेत आणि स्टॉपलॉस ७१ चा टाकलात, तर तो लागल्यावर तुमच्या गळ्यात ३१ शेअरची खरेदी पडते.

## टप्पा ६: स्टॉपलॉस, चहाच्या आधी

विक्री झाल्यापासून एका मिनिटाच्या आत.

इथली सर्वांत ठळक चूक: लोक ६४६ ची साधी लिमिट खरेदी टाकतात. बाजार ६४० वर आहे आणि तुम्ही म्हणताय "६४६ पर्यंत देतो", तर एक्सचेंज तुम्हाला तत्क्षणी ६४० च्या आसपास शेअर देऊन मोकळं होतं. शॉर्ट सुरू होण्याआधीच संपला. वर दोन्ही बाजूंचा खर्च.

ऑर्डरचा प्रकार एसएल, म्हणजे स्टॉपलॉस, हवा. त्यात दोन भाव भरायचे. ट्रिगर ६४६: भाव इथे पोचेपर्यंत ऑर्डर झोपलेली राहते. लिमिट ६४७.५०: जागी झाल्यावर इथपर्यंतच्या भावाने खरेदी करते. खरेदीच्या एसएलमध्ये लिमिट ट्रिगरइतकी किंवा त्याहून वर हवी, उलटं भरलं तर ऑर्डर नाकारली जाते.

दोन्ही भाव सारखे ठेवू नका. भाव ६४५.९० वरून थेट ६४६.४० वर उडाला तर ६४६ लिमिटची ऑर्डर जागी होऊन तशीच बसून राहते आणि शेअर वर निघून जातो. दीड रुपयाचं अंतर मी ६४० च्या शेअरला पुरेसं मानतो. फार उड्या मारणारा शेअर असेल तर जास्त. एसएल-एममध्ये लिमिट नसते, ट्रिगर लागला की मिळेल त्या भावाने खरेदी होते. बीएसईने तो प्रकार ऑक्टोबर २०२३ पासून बंद केला आहे.

> तपासा: ऑर्डर बुकमध्ये एसएल ऑर्डर "ट्रिगरच्या प्रतीक्षेत" दिसते का? बाजू खरेदी, प्रकार एमआयएस, एक्सचेंज विक्रीचंच, संख्या पोझिशनइतकीच. चारही जुळले की मग चहा.

## टप्पा ७: बाहेर पडणं

सुरुवातीच्या स्क्रीनशॉटचं कोडं इथे सुटतं. त्या मुलाने सकाळी ६४६ चा स्टॉपलॉस टाकला. साडेबाराला भाव ६३१ झाला, त्याने पोझिशनवर जाऊन "एक्झिट" दाबलं, नफा झाला, ॲप बंद. एसएल ऑर्डर मात्र जिवंत. तीन वाजता भाव परत ६४६ ला आला, ऑर्डर जागी झाली आणि ७१ शेअर विकत घेतले गेले. वर गेलेल्या भावात, पोझिशन नसताना. सव्वातीनला ब्रोकरने ते विकले आणि दुपारचा बराच नफा त्यात गेला. एक्झिटच्या बटणाने पोझिशन बंद होते. मागे ठेवलेली स्टॉपलॉसची ऑर्डर ते आपोआप रद्द करेलच असं नाही.

नफ्याची लिमिट खरेदी आणि स्टॉपलॉस, दोन्ही एकाच वेळी लावून ठेवणाऱ्यांचीही हीच गत होते. बरेच ब्रोकर दुसऱ्या ऑर्डरला वेगळं मार्जिन अडकवतात. "बाहेरच तर पडतोय, मार्जिन कशाला?" म्हणून लोक चिडतात. ती खरं तर खूण असते: सिस्टिमच्या लेखी तुम्ही ७१ शॉर्टवर १४२ ची खरेदी लावली आहे.

म्हणून क्रम असा:

१. बाहेर पडायचं ठरलं की नवीन ऑर्डर टाकू नका. लावलेली एसएल ऑर्डरच उघडा आणि तिचा प्रकार बदलून लिमिट करा, भाव चालू बाजाराजवळचा. एकच ऑर्डर, त्यामुळे दुहेरी खरेदीचा प्रश्नच नाही.
२. ॲप बदल करू देत नसेल तर आधी एसएल रद्द करा, "रद्द" असं दिसल्याची खात्री करा, मग खरेदी टाका.
३. खरेदी त्याच एक्सचेंजवर, एमआयएसमध्येच. एनएसईवर विकून बीएसईवर घेतलं तर ॲपमध्ये ते दोन वेगळे सौदे होतात: एकीकडे शॉर्ट उघडाच, दुसरीकडे नवी खरेदी. आणि सीएनसीत खरेदी केलीत तर एमआयएसचा शॉर्ट उघडाच राहतो. सव्वातीनला ब्रोकर तो बंद करतो आणि दुसऱ्या दिवशी डिमॅटमध्ये नको असलेले ७१ शेअर.
४. पोझिशन शून्य. प्रलंबित ऑर्डरही शून्य. दोन्ही पानं बघितल्याशिवाय ॲप बंद करायचं नाही.

## टप्पा ८: अडकलातच तर

सर्किट लागलं, घ्यायला शेअर नाहीत. तरीही लगेच सर्किटच्या भावाला खरेदीची लिमिट ऑर्डर लावा. रांग भाव आणि वेळ यांवर चालते. मध्ये कुणी विकायला आला तर पुढे असणाऱ्याला मिळतं. "अजून पाच मिनिटं बघतो" म्हणत बसलात तर शंभरऐवजी हजाराव्या नंबरवर जाल.

मग ब्रोकरला फोन. इंट्राडेतला शॉर्ट डिलिव्हरीत बदलायचा तर द्यायला शेअर लागतात. तोच शेअर जुनी गुंतवणूक म्हणून डिमॅटमध्ये असेल तर तो देऊन सुटता येतं, पण त्यासाठीची परवानगी टीपिनने (डिमॅटमधून शेअर देण्यासाठीचा पिन) किंवा आधी दिलेल्या डीडीपीआयने (ब्रोकरला दिलेलं कायमचं अधिकारपत्र) व्हायला हवी.

तेही नसेल तर लिलाव. रोख बाजाराचा हिशेब दुसऱ्या दिवशी मिटतो, तुमच्याकडून शेअर आले नाहीत की एक्सचेंज ते लिलावात घेतं आणि फरक, दंडासकट, तुमच्या नावे पडतो. लिलावातही कुणी विकायला आलं नाही तर रोखीत मिटवतात: सौद्याच्या दिवसापासून लिलावाच्या दिवसापर्यंतचा सर्वांत वरचा भाव किंवा लिलावाच्या दिवशीच्या बंद भावापेक्षा २० टक्के वर, यांतला जो जास्त तो. आणि लिलाव तुमच्या विक्रीच्या भावाखाली झाला तरी तो फरक तुम्हाला मिळत नाही.

> सूचना: रक्कम कळेपर्यंत खात्यातले पैसे काढू नका. लेजर, म्हणजे ब्रोकरकडचा तुमचा जमाखर्च, उणे झालं तर त्यावर व्याज चालू होतं.

## टप्पा ९: संध्याकाळी

कॉन्ट्रॅक्ट नोट, म्हणजे दिवसाच्या सौद्यांचं ब्रोकरचं बिल, ईमेलवर येते. ती उघडा. वरच्याच सौद्यात ६४० ला विकून ६३१ ला घेतलं, तर दिसणारा नफा ६३९ रुपये. सवलतीचा ब्रोकर दर ऑर्डरला ०.०३ टक्के किंवा २० रुपये, यांतलं कमी ते घेतो असं धरलं तर दोन्हीकडचं ब्रोकरेज २७, विक्रीवर ०.०२५ टक्के एसटीटी (शेअर व्यवहारावरचा कर) ११, एक्सचेंजचे साधारण ३, खरेदीवर मुद्रांक शुल्क दीड रुपयाच्या आत, आणि ब्रोकरेज व एक्सचेंज शुल्कावर १८ टक्के जीएसटी ५. मिळून ४८ च्या आसपास, म्हणजे शेअरमागे ६८ पैसे. दिवसातून सहा वेळा ३०-४० पैशांसाठी शॉर्ट करणाऱ्यांनी हा आकडा जरा बघावा.

करात हा व्यवहार सट्ट्याचं उत्पन्न धरला जातो, भांडवली नफा नाही. तोटा झाला तर तो फक्त सट्ट्याच्याच नफ्यातून वजा होतो. पगारातून नाही, म्युच्युअल फंडाच्या नफ्यातूनही नाही. पुढे चार वर्षं नेता येतो, पण विवरणपत्र मुदतीत भरलं तरच. आणि ते आयटीआर-३ लागतं. नोकरी करणारे बरेच जण वर्षभरात चारच सौदे केले म्हणून सवयीने आयटीआर-१ भरून मोकळे होतात. तुमचं विवरणपत्र दुसरं कुणी भरून देत असेल, तर फॉर्म १६ सोबत ब्रोकरचा वार्षिक कर अहवालही न मागता त्याच्या हातात द्या.